गोल करून बसा

यादी नेहमी चिठ्ठीवर येते. वहीच्या मागच्या पानाचा फाडलेला तुकडा, त्यावर लाल पेनाने सहा-सात नावं आणि खाली वर्गशिक्षकांचा शेरा. २०१६ सालच्या त्या पहिल्या चिठ्ठीवरचा शेरा अजून पाठ आहे : ‘मॅडम, ही आमची रत्नं. काहीतरी करा.’

सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावातली ती शाळा. पाचवी ते दहावी, पट नऊशेच्या आसपास. मी आठवड्यातून दोन दिवस जायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. मानधन एका विश्वस्त संस्थेकडून मिळायचं, त्यामुळे शाळेच्या मस्टरवर माझं नाव नव्हतं आणि स्टाफरूममधल्या कपाटात माझा कप्पाही नव्हता. दोन दिवसांचे मिळून पस्तीस-पस्तीस मिनिटांचे सोळा तास. एकेका मुलाला एकदाच भेटायचं म्हटलं तरी नऊशे जण संपेपर्यंत वर्ष उलटणार, तोवर दहावीची बाहेर पडणार आणि पाचवीत नवी येऊन बसणार. लोकांना वाटतं गटसमुपदेशन ही काही खास पद्धत म्हणून मी निवडली. खरं कारण हे सोळा तासांचं गणित. पटलं म्हणून नव्हे, पर्याय नव्हता म्हणून मी गट घ्यायला लागले.

जागा मिळाली ती प्रयोगशाळेच्या मागची अडगळीची खोली. गॅदरिंगला केलेला पुठ्ठ्याचा रायगडाचा दरवाजा भिंतीला टेकवलेला, एक बुरूज उंदरांनी खाल्लेला. स्काउटच्या काठ्या, फुटका ग्लोब, आणि कोपऱ्यात लेझमांची चळत. शिपाई मामांनी झाडून सतरंजी घातली आणि म्हणाले, “पोरं बसतील हितं. पन लेझमी हलवा मॅडम, न्हायतर वाजवत बसतील.”

मी हलवल्या नाहीत. एक लेझीम काढली आणि नियमच केला : जिच्या-ज्याच्या हातात लेझीम, त्यानंच बोलायचं. प्रशिक्षणात आम्हाला ‘बोलण्याची काठी’ शिकवली होती, त्याचंच हे देशी रूप. मला फार हुशार वाटलं होतं स्वतःबद्दल.

नववी ‘ब’ची सात मुलं आली. दारातच पहिला प्रश्न, “मॅडम, आमचं नाव कुणी दिलं?” समुपदेशनाच्या खोलीत पाय टाकणारं प्रत्येक मूल हे विचारतंच, तोंडानं नाहीतर डोळ्यांनी. मी थातुरमातुर काहीतरी सांगितलं. गोल करून बसा म्हटलं. गोल काही झाला नाही, भिंतीला पाठ लावलेली एक वाकडीतिकडी रांग झाली. लेझीम फिरली ती नुसती खणखणत. पण दुसऱ्या मंगळवारी मी विचारलं, शाळेत राग कधी येतो? आणि एक उंच, हातात लाल दोरा बांधलेला मुलगा बोलायला लागला. मधल्या सुट्टीनंतर मागच्या भिंतीवरून उडी मारून उसाच्या फडात कसा जातो ते त्यानं सांगितलं. सगळे हसले. पुढच्यानं सरांच्या गाडीची हवा सोडल्याचं सांगितलं. जास्त हसले. तिसऱ्याला आता याच्या वरचं काहीतरी सांगणं भागच होतं, आणि त्यानं सांगितलंही. खरं की खोटं देव जाणे.

मी त्या रात्री माझ्या वहीत लिहिलं : ‘मुलं छान खुलली. हशा भरपूर.’

चौथ्या आठवड्याला त्यांनी स्वतःचं नाव ठेवलं, मंगळवार गँग. इतर तुकड्यांतली मुलं मला गाठून विचारायला लागली, “मॅडम, आम्हाला पण घ्या की.” मला वाटलं, चला, समुपदेशनाला कमीपणा मानणं संपलं. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी शाळेची घंटा वाजलीच नाही. पितळी घंटा जागेवर होती, ती बडवायची लाकडी हातोडी गायब. मामा चप्पल हातात घेऊन घंटेवर मारत होते, तिचा आवाज कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतही जाईना. हातोडी सापडली सोमवारी, पुठ्ठ्याच्या रायगडामागे. माझ्या खोलीत. बेत तिथेच शिजला होता, माझ्यासमोर, बहुधा मी वहीत काहीतरी टिपून घेत असताना.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. रागावले नाहीत, उलट चहा मागवला. चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले, “मॅडम, आधी सातजण होते, पण सात दिशांना सात होते. तुम्ही त्यांची एकी केलीत.”

याहून नेमकं निदान मला नंतर पुस्तकातही मिळालं नाही. पुस्तकात मिळाली ती त्याची जुनी साक्ष. अमेरिकेत बोस्टनशेजारच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. ५०६ मुलगे निवडले. निम्म्यांना समुपदेशक दिले, घरी भेटी, अभ्यासाला मदत, उन्हाळी शिबिरं, सगळं. उरलेल्या निम्म्यांना काहीच दिलं नाही. १९४५ मध्ये प्रकल्प संपला. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या बाईंनी त्या मुलांचा, म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांचा, माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांचं मदत न मिळालेल्यांपेक्षा काहीच बरं झालं नव्हतं, उलट काही बाबतींत वाईटच झालं होतं. १९९९ मध्ये त्यांनी टॉमस डिशन आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर तीच माहिती पुन्हा उलगडली, तेव्हा दिसलं की जास्त नुकसान झालं ते उन्हाळी शिबिराला एकाहून जास्त वेळा पाठवलेल्या मुलांचं. या डिशननं आणखी एक साधीच गोष्ट केली होती. किशोरवयीन मुलांच्या मित्रांबरोबरच्या गप्पा चित्रित केल्या आणि मित्र कशावर हसतो ते नोंदलं. नियम मोडल्याच्या गोष्टीवर जिथे हसू मिळतं, तिथे तसल्या गोष्टी वाढतात आणि पुढे तशी कृत्यंही. हसू म्हणजे तिथे शाबासकी होती.

म्हणजे मी दर मंगळवारी पस्तीस मिनिटं शाबासकीची सोय करून देत होते. सतरंजीसकट.

दिवाळीनंतर मी चिठ्ठीवरून गट करायचं सोडलं. सातजणांना चार गटांत वाटलं, कुठे दोन, कुठे एकच. आणि बाकीची मुलं मीच शोधली. कशी? मधल्या सुट्टीत पटांगणाच्या पायरीवर डबा घेऊन बसून. कोण कोणाला चटणी देतं, कोणाला खेळात आधी घेतात, भांडण झालं की कोणाकडे बघतात. शिक्षकांना ‘चांगली मुलं’ विचारलं की पहिल्या पाच नंबरांची नावं येतात. मला ती नको होती. मला हवी होती ती वर्गात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी. पहाटे डेअरीला दूध घालून शाळेत येणारा एक काळासावळा शांत मुलगा, खो-खोची कॅप्टन असलेली एक फटकळ मुलगी, वर्षभरात वर्गात एकदाही हात वर न केलेली एक, आणि लाल दोरेवाला. आठवीतला एक गोष्टीवेल्हाळ पोरगाही घेतला, तो येता-जाता सगळ्यांना हसवायचा. तो घेण्यात मी चुकले, त्याला दोन आठवड्यांनी दुसरीकडे हलवावा लागला. गट जमवणं मला लग्नाच्या पंगतीसारखं वाटायला लागलं होतं. कोणाला कोणाशेजारी बसवायचं यातच अर्धी पंगत पार पडते, वाढपी फार काही करत नाही.

मुलं-मुली एकत्र म्हटल्यावर दोन पालकांनी कुरकुर केली. एका बाईंनी तर स्टाफरूममध्ये ‘आता हे राहिलं होतं’ असं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. मुख्याध्यापकांनी दार उघडं ठेवायला सांगून विषय संपवला. दार मी आधीपासून उघडंच ठेवत होते.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत लाल दोरेवाल्यानं पुन्हा तीच भिंतीची गोष्ट काढली. तीच उडी, तोच फड, शेवटी तोच थांबा, हसण्यासाठी मोकळा सोडलेला. हसलं कोणी नाही. कुणी तोंडही वाकडं केलं नाही. डेअरीवाल्या मुलानं सरळ विचारलं, “मग फडात बसून करतोस काय?”

हे मी विचारलं असतं तर ती चौकशी झाली असती.

तो लेझमीकडे बघत होता. लेझीम नुसती हातात धरली तरी चकत्या किणकिणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं साखळी गोळा करून चकत्यांसकट मुठीत गच्च धरली होती, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. आवाज नाही. “बसतो नुसता,” तो म्हणाला. “घरी गेलं तरी कुलूपच असतंय. आई सांजच्याला येती, पप्पा गाडीवर. शाळेत काय कळत न्हाय. मग फडात बसतो.” मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कसं कोण जाणे, मिटलं. कधी हात वर न करणारी ती मुलगी म्हणाली, “मला पण गणिताच्या तासाला काही कळत नाही. मी हसऱ्या चेहऱ्यानं बघत बसते.” तिच्या हातात लेझीम नव्हती. तिला कोणी अडवलं नाही.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर हे फार गोड होईल. भिंत त्यानं त्यानंतरही ओलांडली. आणि त्याच शुक्रवारी मी शाळेत आले तेव्हा पटांगणावर मुलं त्याला ‘कुलूप’ म्हणून हाका मारत होती.

‘इथलं इथंच’ अशी शपथ मी पहिल्या दिवशी सगळ्यांकडून घेतली होती, हात पुढे करून, एकावर एक ठेवून. मुलांना असलं आवडतं. मलाही आवडायचं. पण खोलीत एक समुपदेशक आणि एक मूल असतं तेव्हा गुपित राखणं माझ्या हातात असतं. गोलात सात तोंडं असतात आणि त्यांतल्या सहांची हमी मी कशाच्या जोरावर देत होते? पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. आलेल्या मुलांपुढे मी एवढंच म्हटलं, “त्याचं नाव पडलं. गोष्ट इथून गेली.” कुणी सांगितलं हे विचारलं नाही. बराच वेळ ग्राउंडवरच्या शिट्ट्या ऐकू येत राहिल्या. मग खो-खोवाली म्हणाली, “माझ्याकडनं गेली. मी बहिणीला सांगितलं. वाईट म्हणून न्हाय सांगितलं.” ती रडली वगैरे नाही. तास संपल्यावर सरळ त्याच्या वर्गावर गेली आणि सगळ्यांसमोर त्याला काहीतरी बोलली. काय बोलली ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिसऱ्या मंगळवारी तो येऊन दाराजवळ बसला. त्या दिवशी त्यानं लेझीम आली तशी पुढे दिली. पुढेही कितीतरी दिवस देतच राहिला.

तेव्हापासून शपथ बंद. आता मी पहिल्या दिवशी सांगते, “माझ्या तोंडाची हमी मी देते. शेजारी बसलेल्याची देत नाही. तेव्हा जेवढं बाहेर गेलं तरी चालेल तेवढंच सांगा, बाकीचं मला एकटीला येऊन सांगा.” आणि माझ्याही हमीला अपवाद आहेत, तेही आधीच. कुणी अंगाशी येतंय, कुणी मारतंय, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय, यातलं काही कळलं तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे, मूल नको म्हणालं तरी. हे ऐकून पहिल्या दिवशी मुलं जरा आखडतात. आखडू देत. फसवून मोकळं करण्यापेक्षा ते बरं. १०९८ हा नंबर मी फळ्यावर लिहून ठेवते, कशासाठी ते एकदा सांगते आणि पुसत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाली. त्या दीड वर्षाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. मोबाइलवरचे गट मी करून पाहिले. मागे कुकरची शिट्टी, बाजूला भाऊ, स्क्रीनवर छताचा पंखा. सोडून दिलं.

४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात यादी आली. या वेळी चिठ्ठी नव्हती, ऑफिसातला छापील तक्ता होता. करोनात आई किंवा वडील गेलेली मुलं. दोन्ही पालक गेलेल्यांच्या नावे राज्यानं ५ लाखांची ठेव जाहीर केली होती, एक पालक गेलेल्यांसाठीही निरनिराळे अर्ज होते, त्यासाठी माहिती गोळा केलेली. तक्त्यात रकाने : नाव, इयत्ता, मयत पालक, दाखला जोडला आहे/नाही. आमच्या शाळेत अकरा नावं होती. आठवी-नववीतली सहा.

मी अडले. पाच वर्षं घोकून पक्कं केलं होतं की सारख्याला सारखं शेजारी बसवायचं नाही. सहा दुःखी मुलं एकत्र बसवून मी काय करणार? दुःखाचीही गँग होते का? त्यांच्या वर्गशिक्षकांचंही म्हणणं पडलं, कशाला आठवण काढायची, विसरतायत हळूहळू. पण मुलं विसरत नव्हती. ती वर्गात एकेकटी होती. वर्गातल्या पन्नास घरांत एकच घर मोडलेलं, आणि त्या पोराशी सगळे जपून, आवाज खाली करून वागत होते. भांडतही नव्हते कुणी त्यांच्याशी. चौदाव्या वर्षी कुणी भांडतही नाही म्हणजे काय, विचार करा.

मला तेव्हा जोसेफ प्रॅट आठवले. बोस्टनचे डॉक्टर. १९०५ मध्ये क्षयाच्या गरीब रोग्यांना, ज्यांना सॅनेटोरियम परवडत नव्हतं अशांना, ते आठवड्याला एकत्र बोलवायचे. हेतू एवढाच, की स्वच्छता, मोकळी हवा, विश्रांती याचं व्याख्यान प्रत्येकाला वेगळं द्यायला नको. म्हणजे त्यांचंही गणित माझ्यासारखंच, तासांचं. पण पुढे दिसलं ते असं, की रोग्यांना उभारी येत होती ती शेजारच्या खुर्चीवरच्या दुसऱ्या रोग्यामुळे. गटोपचाराचा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेक इथूनच करतात. आयर्विन यालम यांच्या १९७० च्या ग्रंथात गट कशामुळे गुण देतो याची कारणं मांडली आहेत, त्यांतलं एक अगदी साधं आहे : हे माझ्या एकट्याचंच नाही, हे कळणं. पोरांच्या भाषेत, “माझं पण.”

सतरंजी चालणार नव्हती, अंतर ठेवायचं होतं. चिंचेखाली सहा-सात खुर्च्या लांब-लांब मांडल्या. लेझीम हातोहात फिरवता येणार नव्हती. तोंडाला मास्क. मी घरून एक कागद तयार करून आणला होता, ‘आठवणींची पेटी’ अशा नावाचा, त्यात रंग भरायचे. आठवीतल्या एका मुलीनं तो नीट घडी करून खुर्चीखाली ठेवला. मी दुसरा पुढे केला नाही.

पहिल्या दोन बैठका जवळजवळ मुक्यानंच गेल्या. तिसऱ्यात एक मुलगा म्हणाला की वडिलांचा मोबाइल आई रोज चार्ज करते. “रिचार्ज पण मारतीया.” दुसरी म्हणाली, आमच्याकडे पण. तिसऱ्याचा फोन दवाखान्यातून परत मिळालाच नव्हता, तो त्या नंबरवर अजून रिंग देऊन बघतो. असं एकेक. मग बराच वेळ कोणी बोललं नाही आणि फोनवाला मुलगा खाली बघत म्हणाला,

“आमच्या पप्पांच्या पिंडाला कावळा शिवला न्हाय.”

मी आत कुठेतरी दचकले. गावात या गोष्टीचा अर्थ काय घेतात हे मला ठाऊक होतं. गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलंय, जीव अडकलाय. सहा महिने हे पोर ते एकट्यानं वागवत होतं. मी मनात वाक्यं जुळवायला लागले, कावळ्याबद्दल, श्रद्धेबद्दल, कोणी दुखावणार नाही अशी.

“किती वेळ थांबला?” पलीकडच्या मुलीनं विचारलं.

“दोन तास. आज्जीनं सगळं बोलून बघितलं. पोरांचं शिक्षण करतो म्हणली, कर्ज फेडतो म्हणली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला.”

“आमच्या आईच्या पण न्हाय शिवला,” ती म्हणाली. “आमचा पण दर्भाचाच.”

“आमचा पण.”

तेव्हा कागद घडी करून ठेवणारी ती मुलगी पहिल्यांदा बोलली. “तवा घाटावर किती पिंडं हुती माहितंय का? आमच्या दिवशी मोजली मी, एकोणीस. कावळ्यांची पोटं भरली असतील की. किती खातील?”

क्षणभर काहीच नाही. मग माझ्या लक्षात आलं, फोनवाल्या मुलाचे खांदे हलतायत. मास्कमुळे तोंड दिसत नव्हतं. मला वाटलं, रडतोय. मी खुर्चीवरून अर्धी उठले. शेजारचीचेही हलायला लागले, मग पलीकडच्याचे, आणि आवाज फुटला तेव्हा कळलं की ही सगळी हसतायत. पोटात कळ येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकानं खुर्चीवर फुगून बसलेल्या, अजीर्ण झालेल्या कावळ्याची नक्कल केली. मीही हसत होते. यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघू शकलं नसतं, निघालं असतं तर माफ करण्यासारखं नव्हतं.

व्हरांड्यातून नववीचे वर्गशिक्षक तरातरा आले. तेच, रत्नांची चिठ्ठी पाठवणारे. चिंचेपाशी थांबले, एकदा मुलांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. “मॅडम,” ते आवाज दाबून म्हणाले, “ही तीच मुलं ना? मग हसतायत काय?”

मला काय सांगावं सुचेना. कागदवाली मुलगी उभी राहिली, मास्क वर ओढला आणि म्हणाली, “कावळ्यांचं चाललंय, सर.”

सर थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग एक रिकामी खुर्ची होती, ती त्यांनी थोडी मागे ओढली आणि बसले.